बंब विझला, सोलर थंडावला. तरी शेगडी आत नको

पाणी तापवायचे साधन नेमके थंडीतच दगा देते, ही तक्रार दर वर्षी ऐकू येते. तिला कारणही साधे आहे. एप्रिल-मे महिन्यात छपरावरचा सोलर निम्मा बिघडलेला असला तरी कोणाच्या लक्षात येत नाही, कारण टाकीतले पाणीच मुळात कोमट असते. गीझरच्या कॉइलवर क्षाराचा थर बसत असतो, तोही आठ महिने खपून जातो. मग डिसेंबर उजाडतो, पहाटेचा पारा दहा अंशांखाली उतरतो, घरातले सगळे एकाच वेळी गरम पाणी मागतात आणि त्या दिवशी यंत्र ‘अचानक’ बंद पडते.

निमोण्यासारख्या, शिरूर तालुक्यातल्या घोड नदीच्या खोऱ्यातील गावात घर तापवण्याची वेगळी यंत्रणा नसते. थंड देशांत भिंतीतून नळ्या फिरवून अख्खे घर ऊबदार ठेवतात. आपल्याकडे ऊब म्हणजे न्हाणीतले गरम पाणी, स्वयंपाकघरातली चूल, गोधडी आणि अंगणातली शेकोटी. ते पुरतेही, कारण थंडी दोन-अडीच महिन्यांची आणि दुपार उन्हाची. पण उघड्या माळरानावर निरभ्र रात्री जमीन लवकर निवते आणि सखल भागात, ओढ्या-नदीकाठी गार हवा साचून राहते. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी किमान तापमान १.७ अंशांवर गेल्याची नोंद आहे. रोज तसे होत नाही, पण पत्र्याच्या खोलीत झोपणाऱ्याला सात-आठ अंशही पुष्कळ होतात.

या लेखाचा विषय यंत्राच्या दुरुस्तीइतकाच यंत्र बंद पडल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांचा आहे. माणसे थंडीने दगावतात त्यापेक्षा थंडी घालवण्यासाठी घाईत जे करतात त्याने दगावण्याचा धोका आपल्याकडे मोठा आहे. सोलर बंद पडला म्हणून कोणी न्हाणीत गॅस गीझर बसवून घेतो. वीज नाही म्हणून कोणी कोळशाची शेगडी झोपायच्या खोलीत आणतो. दोन्हींचा शेवट एकाच वायूशी येतो. तो म्हणजे कार्बन मोनॉक्साइड.

या वायूला रंग नाही, वास नाही, डोळ्यांची आग होत नाही, ठसका लागत नाही. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूला जेवढे धरते, त्याच्या दोनशे ते अडीचशे पट घट्टपणे या वायूला धरून बसते. म्हणजे हवेत तो अगदी थोडा असला तरी रक्तातली जागा तोच अडवतो. श्वास चालू, छाती हलते आहे, आणि मेंदूला व हृदयाला मात्र प्राणवायू मिळत नाही. माणूस गुदमरतो, पण गुदमरल्याची जाणीव त्याला होत नाही. पाय लटपटतात, दाराची कडी काढायचे बळ राहत नाही.

गॅस गळतीची सवय असलेल्या आपल्या मनात इथे एक गोंधळ असतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो आणि तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. म्हणून ‘वास येत नाही म्हणजे धोका नाही’ असे आपण धरून चालतो. पण कार्बन मोनॉक्साइड हा न जळलेला गॅस नव्हे. तो अर्धवट जळलेल्या इंधनातून निघतो. वजनाने जवळजवळ हवेइतकाच असल्याने तो खोलीभर सारखा मिसळतो. खाली वाकून किंवा पलंगावर चढून त्याच्यापासून सुटका नाही.

न्हाणीतल्या गॅस गीझरचा हिशेब करून पाहू. सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि आठ फूट उंच न्हाणीघरात साधारण साडेपाच हजार लिटर हवा मावते. मिनिटाला पाच-सहा लिटर पाणी तापवणारा गीझर तेवढ्याच वेळात दोनशे लिटरच्या आसपास हवा वापरतो. दार-खिडकी बंद असेल तर पाच मिनिटांत आतला पाचवा हिस्सा प्राणवायू संपतो. ज्योतीला प्राणवायू कमी पडला की ती निळ्याची पिवळी होते, इंधन अर्धवट जळते आणि विष तयार होऊ लागते. आंघोळ करणारा आत, ज्योतही आत, आणि ‘गार वारा नको’ म्हणून झडप घट्ट लावलेली. न्हाणीत आकडी येऊन पडलेल्या रुग्णांत अपस्माराचा संशय घेतला गेला आणि प्रत्यक्षात कारण गॅस गीझर निघाले, अशा नोंदी भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकांत केल्या आहेत. एक्झॉस्ट पंखा असला की झाले, हाही भ्रमच. पंखा बाहेर हवा टाकणार कोठून, जर आत हवा यायला फटच नसेल?

शेगडीचा सापळा याहून फसवा आहे. कोळसा पेटताना धूर होतो, तेव्हा ती अंगणात ठेवतात. धूर संपला, निखारे लालबुंद झाले, की ‘आता चांगली झाली’ म्हणून उचलून आत आणतात. विज्ञान नेमके उलटे सांगते. निखाऱ्यांच्या थरात तळाशी तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वरच्या तापलेल्या कोळशातून जाताना कार्बन मोनॉक्साइड होऊन बाहेर पडतो. धूर नसलेली, लाल निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत सर्वांत घातक. वर राख धरली म्हणजे ती विझली असेही नाही. राखेखाली ती रात्रभर जळते.

मग जुनी माणसे कशी जगली, असे गावात कोणीही विचारील, आणि प्रश्न रास्त आहे. तांब्याचा बंब पिढ्यानपिढ्या चालला. पण तो असायचा परसात, पडवीत, नाहीतर तट्ट्या लावलेल्या न्हाणीत. डोक्यावर कौले, कौलांतून फटी, भिंत छपरापर्यंत गेलेलीच नाही. घर गळके होते, म्हणून माणूस वाचला. आता स्लॅब पडला, भिंतींना फरशी लागली, अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या, आणि जाळ मात्र तोच राहिला. बंब वाईट नाही. बंबाला चार भिंतींत कोंडणे वाईट.

त्यात शिरूर-जुन्नरच्या पट्ट्यात अलीकडे आणखी एक गोष्ट घडली आहे, जिचा आरोग्याशी संबंध कोणी जोडत नाही. बिबट्याच्या धास्तीने उसाच्या कडेच्या वस्त्यांवर माणसे अंधार पडताच दारे-खिडक्या लावून घेतात. ही भीती खोटी नाही. माणसे गेली आहेत. पण त्यामुळे अंगणातली शेकोटी घरात आली. जी ऊब दहाजण उघड्यावर घेत, ती आता एका खोलीत, कडी लावून घेतली जाते. ऊसतोड मजुरांच्या कोपीत आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीभोवती दाटीने भाड्याने दिलेल्या पत्र्याच्या खोल्यांत हीच गत. खिडकी उघडी ठेवा, एवढेच सांगून तिथे भागत नाही. खिडकीला मजबूत जाळी हवी, म्हणजे ती उघडी राहू शकेल. वनखात्याच्या उपाययोजनांच्या यादीत ही जाळी यायला हरकत नाही.

विषबाधा ओळखायची कशी? डोके जड होते, मळमळते, गरगरते, झोप अनावर होते. घरात याला पित्त म्हणतात, रात्रीचे जेवण बाधले म्हणतात, कधी आणखी काही म्हणून देवऋष्याकडे जातात. खूण एकच लक्षात ठेवावी : एका घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी त्रास झाला आणि बाहेर आल्यावर बरे वाटू लागले, तर दोष जेवणाचा नाही, हवेचा आहे. नेपाळमधील दामन येथे जानेवारी २०२० मध्ये केरळचे आठ पर्यटक, त्यांत चार मुले, हॉटेलच्या एका खोलीत गॅस हीटर लावून झोपले आणि उठलेच नाहीत. सगळे एकत्र झोपले होते म्हणून बाहेरून हाक मारणारा कोणी उरला नव्हता.

असा माणूस आढळला तर आधी दार-खिडक्या उघडा आणि श्वास रोखून त्याला बाहेर ओढा. वाचवायला गेलेलाच आत पडतो, म्हणून एकट्याने आत रेंगाळू नये. मोकळ्या हवेत कुशीवर झोपवा, बेशुद्धाच्या तोंडात पाणी किंवा कांदा-लिंबू घालू नका, १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणे सुरू करावे. रुग्णालयात पोचल्यावर नातेवाइकांनी ‘खोलीत शेगडी होती’ किंवा ‘गॅस गीझर चालू होता’ हे पहिल्या वाक्यात सांगावे. हे फार महत्त्वाचे, कारण बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसतो. कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्तही त्याला प्राणवायूने भरलेले वाटते. आकडा ९८ दाखवतो आणि रुग्ण मरणाच्या दारात असतो. रक्तातले कार्बोक्सीहिमोग्लोबिन तपासले तरच खरे कळते. साध्या हवेत हे विष निम्मे उतरायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध प्राणवायू दिला तर तास-दीड तास. म्हणून ‘शुद्धीवर आला, घरी नेतो’ म्हणू नये. काहींना दोन-तीन आठवड्यांनी विसरभोळेपणा, चालताना तोल जाणे असे त्रास होतात. गरोदर बाईला थोडेसे जरी लागले असले तरी दवाखाना टाळू नये, कारण पोटातल्या बाळाला ते आईपेक्षा जास्त बाधते.

आता मूळ प्रश्न. पाणी तापवायचे साधन बंद पडले आहे, कारागीर चार दिवस येत नाही. तोवर काय?

उत्तर इतके साधे आहे की सांगताना संकोच वाटावा. स्वयंपाकाच्या गॅसवर पातेले ठेवा, खिडकी उघडी ठेवा आणि बादलीत विसण घालून आंघोळ करा. एका माणसाच्या आंघोळीला पंधरा लिटर पाणी १८ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायला विजेचे अर्धे युनिटही लागत नाही. गॅसच्या शेगडीवर तेच काम पन्नास-साठ ग्रॅम गॅसमध्ये होते, १४.२ किलोच्या सिलिंडरच्या मानाने ते काय? पातेल्यावर झाकण ठेवा. उकळते पातेले उचलून न्हाणीपर्यंत नेताना पोरे आडवी येऊन भाजतात, म्हणून गरम पाणी भरलेले भांडे नेण्याऐवजी बादलीत आधी गार पाणी घेऊन त्यात तांब्याने गरम पाणी ओतावे. चूल असेल तर ती आहे तिथेच, धुराड्याखाली किंवा बाहेर. पाचव्या दिवशी नव्या गॅस गीझरची जाहिरात पाहून मोहात पडण्यापेक्षा हे चार दिवस काढणे स्वस्त.

पाण्यात सोडायचा हीटर, म्हणजे रॉड, हा दुसरा आधार. त्याने न्हाण्यांत शॉक लागून गेलेली माणसे थोडी नाहीत. बादली प्लॅस्टिकची असावी, प्लग तीन पिनांचा आणि घराला अर्थिंग खरे असावे. पाणी तापले का हे बोट बुडवून पाहायची सवय मोडावी; आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग हात. घरात गळती प्रवाहावर तुटणारा स्विच, ज्याला वायरमन ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात, तो तीस मिलीअँपिअरचा बसवून घेतला तर जीव वाचतो. घरबांधणीत दारावरच्या नक्षीला खर्च होतो आणि या डबीला नाही, हे काही आपल्या शहाणपणाचे लक्षण नव्हे.

कारागीर बोलावण्याआधी स्वतः पाहण्यासारख्याही काही गोष्टी आहेत. विजेचा गीझर लागतो पण पाणी नीट तापत नाही, तेव्हा दोष बहुधा गीझरचा धरला जातो. शिवारात मोटारी सुरू झाल्या की गावातला दाब उतरतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण दाब थोडा उतरला तर उष्णता फार उतरते, हे ठाऊक नसते. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले तर कॉइल सुमारे ६१ टक्केच उष्णता देते. अशा वेळी गीझर बदलून उपयोग नाही. दाब बरा असेल तेव्हा पाणी तापवून घ्यावे आणि व्होल्टेजची तक्रार महावितरणकडे लेखी करावी. गीझर सतत स्विच पाडत असेल तर मात्र कॉइल चिरली आहे, असे धरून तो बंद करावा. पुन्हा पुन्हा बटण वर करून पाहणे हा धीर नव्हे.

सोलरचे तसेच. निमोण्याच्या अक्षांशावर २१-२२ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशच वर असतो आणि तोही दक्षिणेकडे कललेला. पावसाळ्यात वाढलेली नारळाची झावळी किंवा शेजाऱ्याची नवी पाण्याची टाकी जूनमध्ये सावली पाडत नव्हती, ती आता पाडते. आधी छपरावर जाऊन दुपारी सावली पाहावी. धूळ पुसावी, उसाच्या आणि मातीच्या रस्त्यांच्या गावात काचेवर किती धूळ बसते हे सांगायला नको. काचेच्या नळ्यांचा सोलर असेल तर प्रत्येक नळीचे बंद टोक पाहावे. ते आरशासारखे चंदेरी असेल तर नळी ठीक. दुधासारखे पांढरे झाले असेल तर आतली पोकळी गेली, ती नळी आता उष्णता धरत नाही. एवढी एक नळी बदलून काम भागते, अख्खा संच नाही. पाणी येते पण धार तुटक असेल तर पाइपात हवा अडकली असण्याचा संभव असतो. बोअरचे पाणी जड असेल तर टाकीत व पाइपात क्षार बसतो. वर्षातून एकदा तो काढून घ्यावा. आणि टाकी रिकामी राहून नळ्या उन्हात तापल्या असतील तर दुपारी गार पाणी सोडू नये, काच तडकते. संध्याकाळी किंवा पहाटे भरावे.

ही सारी चर्चा आंघोळीची झाली. धडधाकट माणसाने चार दिवस आंघोळ केली नाही, अंग पुसून घेतले, तरी काही बिघडत नाही. पहाटे पाचला गार पाण्याने नाहायचा नेम सत्तरीतल्या माणसाने थंडीत सोडला तर देव रागावणार नाही. गार पाण्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या एकदम आकसतात, रक्तदाब चढतो आणि हृदयविकाराच्या रुग्णाला ते महागात पडते.

खरी काळजी दोघांची, म्हातारा माणूस आणि तान्हे मूल. कोंबड्यांच्या शेडमध्ये ब्रूडर बंद पडला तर मालक अर्ध्या रात्री उठून धावतो, कारण पिलांना पहिल्या आठवड्यात ३२-३५ अंश ऊब लागते हे त्याला पक्के माहीत असते. पडवीत झोपलेल्या आजीला किती लागते, याचा हिशेब मात्र घरात कोणी केलेला नसतो. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेले की तो आजार आहे. म्हाताऱ्या माणसात थरथर फारशी दिसतही नाही. बोलणे जड होते, माणूस गोंधळतो, सुस्त पडतो, पोट हाताला गार लागते. अशा वेळी अंग चोळू नये, हातपाय कढत पाण्यात घालू नयेत, दारू तर मुळीच देऊ नये; तिने ऊब आल्यासारखी वाटते आणि शरीर अधिक निवते. ओले कपडे काढावेत, कोरड्या गोधड्यांत गुंडाळावे, डोके व कान झाकावेत, शुद्धीत असेल तर गरम गोड चहा द्यावा आणि दवाखान्यात न्यावे. मधुमेहींनी शेगडीवर पाय शेकणे किंवा गरम पाण्याची पिशवी पायांशी घेऊन झोपणे टाळावे. पायाची संवेदना गेलेली असते, फोड सकाळी दिसतो आणि जखम महिनोन्‌महिने भरत नाही.

तान्ह्यासाठी सर्वांत चांगला हीटर आईच आहे. १९७८-७९ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात उबदार पेट्या कमी पडल्या, तेव्हा एडगर रे आणि हेक्तोर मार्तीनेस या डॉक्टरांनी कमी वजनाच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. आज ती पद्धत जगभर मान्य आहे. बाळाला टोपी, पायमोजे, लंगोट, आणि वरून आई-बाळाला मिळून एक गोधडी. वडील किंवा आजीही हे करू शकतात. नवजाताला पहिल्या दिवशी आंघोळ घालू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाळंतिणीच्या खोलीतली धुरीची शेगडी तर परंपरेच्या नावाखालीही नको. शेक द्यायचाच तर निखारे बाहेर ठेवून फडके तापवून आणता येते.

हे अडाणीपणाचे, खेड्यातले प्रश्न आहेत असे कोणाला वाटत असेल तर त्याने फेब्रुवारी २०२१ मधले टेक्सास आठवावे. तिथे ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनमध्ये मराठी घरे पुष्कळ आहेत. हिमवादळात वीज गेली, घर तापवणाऱ्या भट्ट्या बंद पडल्या, आणि लोकांनी गॅरेजमध्ये मोटारी चालू ठेवल्या, जनरेटर दाराशी आणले, अंगणात भाजायच्या कोळशाच्या शेगड्या आत घेतल्या. त्या राज्याच्या आरोग्य खात्याने त्या वादळाचे २४६ बळी मोजले. त्यांतले १९ कार्बन मोनॉक्साइडचे होते. फरक एवढाच की तिकडच्या बऱ्याच घरांत हा वायू ओळखून ओरडणारे यंत्र भिंतीवर असते. आपल्याकडे ते ऑनलाइन मिळते, पण न्हाणीत गॅस गीझर बसवून देणारा दुकानदार त्याचा उल्लेखही करत नाही.

गॅस गीझर बसवायचाच असेल तर तो न्हाणीच्या बाहेर, उघड्या गॅलरीत किंवा मागच्या भिंतीला असावा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप यावा. यात काही मोठा खर्च नाही. पाइप तीन-चार फूट जास्त लागतो, इतकेच. ज्यांच्या न्हाणीत तो आधीच लागलेला आहे त्यांनी तो हलवेपर्यंत बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, दार पाच मिनिटे उघडे ठेवावे आणि मगच आंघोळीला जावे. घरोघरी जाणाऱ्या आशाताईंना ताप, खोकला, लसीकरण यांच्या नोंदीबरोबर ‘न्हाणीत गॅस गीझर आहे का, झोपायच्या खोलीत शेगडी ठेवता का’ हे दोन प्रश्न थंडीपुरते विचारायला सांगितले, तर जिल्हा परिषदेला त्यासाठी नवी योजना लागणार नाही. ग्रामपंचायत घराच्या नोंदीसाठी आलेल्या नकाशावर शिक्का मारते, तेव्हा न्हाणीला वर आणि खाली अशा दोन कायम उघड्या जाळ्या आहेत की नाहीत, एवढे पाहू शकते. शिरूरच्या प्लंबर आणि वायरमन मंडळींना हे काम रोजचे आहे. जाळी बसवायला त्यांना एक तास पुरतो.